बंद करू नये

सोमवार, ४ सप्टेंबर २०२३

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. कधी लिहिलंस ते मात्र कळलं नाही, कारण नेहमीप्रमाणे त्यावर तारीख नाही. पोस्टाचा शिक्काही अर्धाच उमटलाय. माझी पट्टी पळवून मांजराच्या शेपटीपासून उंबरठ्यापर्यंत सगळं मोजणारी, म्हणून तुला मोजपट्टी नाव ठेवलं. आता तर मोजमाप हाच तुझा पोटापाण्याचा धंदा, आणि पत्रावर तारीख नाही. तारीख नसलेला कागद म्हणजे नाव नसलेली बरणी. आत मीठ आहे की साखर, तोंड पोळल्यावर कळायचं.

आमच्या कॉलेजात सध्या वेगळंच वारं आहे. सात वर्षांत कॉलेजचं कार्बन निम्म्यावर आणायचं, असं प्राचार्य बाईंनी जाहीर केलंय. पहिल्या दिवशी मी विचारलं की माझ्या बॉयलरला धूर कुठाय. त्या म्हणाल्या, दिसत नाही तोच जास्त नडतो. मी घरी येऊन वाचलं. बाईंचं बरोबर निघालं.

मग समिती झाली. पहिल्या बैठकीला प्रत्येक जण दुसऱ्याचे दोष पाठ करून आला होता. वेल्डिंगच्या सरांनी बेकरीच्या भट्ट्यांकडे बोट दाखवलं, बेकरीच्या बाईंनी केशकर्तन वर्गाच्या ड्रायरकडे, त्यांनी सुतारांच्या करवतीकडे, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून बॉयलरघराकडे, म्हणजे माझ्याकडे. हे सगळं चाललं होतं ते ‘हरित संकल्प’ असं छापलेल्या सहा फुटी प्लास्टिकच्या फलकाखाली.

मी जुन्या वह्या काढल्या. दुसऱ्या दिवशी वह्या घेऊन गेलो. बॉयलरला स्वतंत्र मीटर २०१४ साली बसला. तेव्हापासून सकाळी सात आणि संध्याकाळी सहा, दोन्ही वेळचं वाचन माझ्या अक्षरात आहे. एकही खाडाखोड नाही. प्राचार्य बाईंनी पानं उलटली आणि म्हणाल्या की अशा नोंदी असलेलं कॉलेज त्यांनी पाहिलेलं नाही. तेव्हापासून माझं जरा ऐकतात. बेकरीच्या तीन तुकड्या आता एकामागून एक भाजतात, भट्टी तापवायची ती एकदाच. वेल्डिंगचे पंखे एकेका टेबलाला वेगळ्या बटणावर घेतले. काम चालू तिथलाच पंखा चालू. हे करायला पदवी लागली नाही.

पदवीवरून आठवलं. ‘ऊर्जा पर्यवेक्षक’ असं नवं पद निघतंय. अट इंजिनियरची आहे. पण निर्दोष नोंदींचा पुरावा असेल तर अट शिथिल करता येईल, असं बाई म्हणाल्या. दुसरा अर्ज वीज विभागाच्या तरुण इंजिनियर बाईंचा आहे. हुशार आहे, पण पाइपाला हात लावायच्या आधी रुमाल काढते. मी नववीत शाळा सोडली हे तुला माहीत आहे. बावीस वर्षं माझ्या नावापुढे ‘मदतनीस’ लिहिलं जातंय. दारावर एकदा दुसरा शब्द लागावा, एवढंच आहे. तुझ्या आईला आत्ताच सांगू नकोस. ती लगेच अभिनंदन करून मोकळी होते.

तुमच्या ऊर्जा-तपासणीवाल्या लोकांनी आमच्याकडे यायचं ठरवलं तर आधी काय बघतील ते कळव. त्यांच्याआधी मला बघायचंय.

लोभ आहेच. त्याला गळती लागू देऊ नये ही विनंती.

तुझा,
मामा


सोमवार, ११ सप्टेंबर २०२३, दुपारी चार वाजून सात मिनिटं, पेन निळं

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तारीख पोचली ना? आता पुढच्या पत्रात हवेतला ओलावाही लिहीन.

फोनवर सांगायचं तर तू उचलत नाहीस, आणि उचललास तर ‘पत्रात लिही, नोंद राहते’ म्हणतोस. म्हणून ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहितेय. इथे सगळ्यांना वाटतं मी कुणालातरी प्रेमपत्रं पाठवते. मी म्हटलं, हो, एका बॉयलरवाल्याला.

आधी काय बघतात विचारलंस. आमचे साहेब एकच गोष्ट बघतात. इमारत चालू असताना किती खाते हे कुणीही सांगेल, ते म्हणतात; ती झोपलेली असताना किती खाते ते सांगा. शाळा-कॉलेजांत तर हमखास. माणसं शिकवतात दिवसाला आठ तास आणि आठवड्यातले बाकीचे तास इमारत एकटीच बसून चरत असते. सौर पॅनेल, नवा पंप, नवा बॉयलर हे सगळं नंतर. पहिल्यांदा चरणं थांबवायचं, नाहीतर गळक्या बादलीत नवं पाणी.

तुझ्या वह्या मी लहानपणापासून पाहिल्यात. प्रत्येक रविवारी लाल रेघ आणि ‘सुट्टी’. रेघेच्या वर शनिवारी संध्याकाळचं वाचन असतं, खाली सोमवारी सकाळचं. मामा, त्या दोन आकड्यांची वजाबाकी तू कधी केलीस का? मला वाटतं नाही, कारण मधे तुझी लाल रेघ आहे आणि ती ओलांडायची तुझी पद्धत नाही. ती करून बघ. सदतीस तासांत कॉलेजात कुणी नसताना मीटर किती फिरतो, एवढंच.

आई बरी आहे. गुडघा सोडून सगळं ठीक, असं ती म्हणते, आणि गुडघ्याबद्दल तासभर बोलते. तुझ्या पदाचं मी सांगितलेलं नाही. तिने ओळखलंय. ‘पान्याचं पत्र जाड आलंय, म्हणजे काहीतरी हवंय त्याला’ असं म्हणाली. तुला अजून पान्या म्हणते हे तुझ्या समितीला कळवू का?

माया आहेच, ती मोजायची सोय अजून निघालेली नाही. ती असू द्यावी.

तुझी,
मोजपट्टी


मंगळवार, २६ सप्टेंबर २०२३

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ. वि. वि.

वजाबाकी केली. नव्या वहीपासून सुरुवात केली आणि मागे मागे २०१४ पर्यंत गेलो. शनिवारी संध्याकाळी सहा ते सोमवारी सकाळी सात, चाळीस घनमीटर गॅस. कधी एकोणचाळीस, कधी एक्केचाळीस. मीटर बसल्याच्या पहिल्या आठवड्यापासून तोच आकडा. कामाच्या दिवशी सकाळी सात ते संध्याकाळी सहा बासष्ट लागतो, त्यात बेकरी, स्वयंपाक वर्ग, केशकर्तन सगळं आलं. आणि रिकाम्या कॉलेजाला चाळीस. मला आधी मीटरच खोटा वाटला.

म्हणून परवा, रविवारी, सकाळी दहा वाजता गेलो. पहारेकऱ्याला वाटलं मी वार विसरलो. बॉयलरघरात स्टूल टाकून बसलो. दर तासाला मीटर एकाच्या थोडा वर फिरत होता. आत ज्योत लागायची, विझायची, पुन्हा लागायची. कुणीतरी गरम पाणी वापरत होतं आणि कॉलेजात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

पाइपाला हात लावत निघालो. मुख्य इमारतीचा पाइप गार. जुन्या इमारतीचा गरम. जुन्या इमारतीत पूर्वी धुलाईचा वर्ग होता. नळ सोडल्याबरोबर गरम पाणी यावं म्हणून तिथलं पाणी सारखं फिरतं ठेवलेलं असे. वर्ग बंद पडून नऊ वर्षं झाली. आता तिथं जुने कागद ठेवतात. कारकून नेहमी म्हणतो, त्या खोलीत कागद कसे छान कोरडे राहतात. पावसाळ्यात तो छत्री तिथेच वाळवतो. मला हे माहीत होतं, बरं का. मीही एकदा मोजे वाळवलेत.

त्या पाइपावर एक वेळेचा व्हॉल्व्ह आहे. घड्याळाप्रमाणे संध्याकाळी आणि सुट्टीला आपोआप मिटतो. तो मिटलेलाच होता, त्याचा दिवाही ‘बंद’ दाखवत होता. पण त्याला वळसा घालून जाणारा बायपासचा कॉक कोणीतरी पूर्ण उघडा ठेवला होता. दाराला कुलूप आणि शेजारची भिंत पाडलेली, असा प्रकार. मी कॉक बंद केला. नऊ आटे फिरला. पहिला आटा हातोडीने हलवावा लागला.

काल सोमवारी प्राचार्य बाईंना आकडे दिले. कॉक बंद केल्यावरचे तास मोजून काढलेला हिशेब असा, की रविवारच्या सुट्टीला आता चाळीसच्या जागी सहा. सगळ्या आठवड्याचा धरला तर एकूण गॅसचा जवळजवळ पाचवा हिस्सा वाचतो. बाई खुर्चीवरून उठल्या. संकल्पाच्या पहिल्याच महिन्यात पाचवा हिस्सा, तोही एक नट न विकत घेता. शुक्रवारी, २० ऑक्टोबरला, सगळ्या कॉलेजापुढे माझा सत्कार ठरलाय, आणि पदाचंही त्याच दिवशी जाहीर करतील. इंजिनियर बाईने येऊन हात मिळवला, रुमाल न काढता.

बाकी ठीक. आईच्या गुडघ्याला शेक द्यावा.

लोभ असू द्यावा.

तुझा,
मामा


सोमवार, २ ऑक्टोबर २०२३

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. साहेबांनी चष्मा काढला. हातोडीच्या जागी तर त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. आईलाही सांगितलं, आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही म्हणून. तिने शेजारच्या तिघींना सांगितलंय. तू आता आमच्या जिन्यात प्रसिद्ध आहेस.

एक मात्र खटकलं. तू लिहिलंस की कॉक ‘कोणीतरी’ उघडा ठेवला. माझ्या आयुष्यात तुझ्या तोंडून हा शब्द मी ऐकलेला नाही. पाना जागेवर नसला तर तू सांगतोस कुणी नेला, किती वाजता आणि कुठल्या हाताने. शिवाय शेवट घाईत आवरलास, आणि त्यात गळतीचा विनोद नाही.

साहेबांनी पहिला प्रश्न हाच विचारला की तो किती वर्षं उघडा होता. ते म्हणाले, मूळ वर्षाच्या, म्हणजे ज्याचं निम्मं करायचं त्या, आकड्यात जर ही चूक मिसळलेली असेल, तर कॉलेजने काही वाचवलं असं म्हणता येत नाही; आधी सांडलेलं फक्त सांडायचं थांबलं.

मी वाईट वाटावं म्हणून लिहीत नाहीये. तू मला शिकवलंस तेच विचारतेय. कधी, आणि कुणी?

तुझी,
मोजपट्टी


शुक्रवार, ६ ऑक्टोबर २०२३

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ. वि. वि.

मी.

कॉकवर पुठ्ठ्याची एक पाटी तारेने बांधलेली होती. तिच्यावर लिहिलंय, ‘हा कॉक बंद करू नये.’ अक्षर माझं आहे. ‘ळ’ आणि ‘क’ला मी देतो तो वळसा कॉलेजात दुसरा कुणी देत नाही, आणि या पाटीत ‘क’ तीन आहेत. रविवारी ती मी काढली, घडी करून खिशात ठेवली, आणि समितीला फक्त कॉक दाखवला.

आता नीट ऐक, कारण हे मी एकदाच लिहिणार आहे. ती पाटी मी रोज बघत होतो. तिच्यासमोरून दिवसातून चार वेळा जातो. माझ्या हाताखाली आलेल्या सगळ्यांनी ती बघितली. कुणी हात लावला नाही, कारण मी लिहिलंय म्हणजे कारण असणार. मीही हात लावला नाही, त्याच कारणाने. आणि सगळ्यावर कडी म्हणजे, पाचेक वर्षांपूर्वी शाई पुसट झाली होती तेव्हा मीच स्टूल घेऊन बसलो आणि एकेक अक्षर नव्या शाईने गिरवलं. सुबक झालं म्हणून दोन पावलं मागे जाऊन बघितलंही. का लिहिलं होतं, हा प्रश्न त्या अर्ध्या तासात डोक्यात आला नाही.

पाटीवर तारीख नाही. पुढे नाही, मागे नाही. बावीस वर्षं लोकांच्या मागे तारखेसाठी लागलो. पोरं मला पाठीमागे तारीखकाका म्हणतात, तेही माहीत आहे. आणि हीच एक पाटी.

कारण हळूहळू आठवलं. वेळेचा व्हॉल्व्ह बिघडून भर वर्गात मिटायचा. नवा यायला वेळ होता आणि मला रजेवर जायचं होतं. बदली माणसाला जमलं नसतं, म्हणून बायपास उघडून पाटी लावली. आठ दिवसांसाठी. मी परत आलो तेव्हा नवा व्हॉल्व्ह बसलेला होता आणि दिवा बरोबर लागत होता. मी दिवा बघितला, कॉक बघितला नाही. रजा कशासाठी होती तेही आठवतं. तुझ्या आईचं ऑपरेशन होतं आणि तुला सांभाळायला कुणी नव्हतं. पण साल कुठलं? दोन हजार आठ, नऊ, दहा? तेव्हा मीटर नव्हता, वहीत काही सापडत नाही.

समितीत काल हा विषय निघाला. मी म्हटलं, कॉक जुन्या काळापासूनच उघडा आहे. खोटं नाही बोललो, पण खरंही नाही. प्राचार्य बाई समजूतदारपणे म्हणाल्या की अहवालात ‘पूर्वापार व्यवस्था’ असं लिहू. किती सोयीचा शब्द आहे बघ. त्यात कुणाचंच अक्षर नाही. तो तसाच राहिला तर वीस तारखेला पद माझं आहे. निर्दोष नोंदींवर अट शिथिल होतेय, आणि निर्दोषपणाचं हे असं आहे.

मी काय करणार ते ठरलेलं नाही. पण साल कळल्याशिवाय ठरवताही येत नाही, अंदाजाने मला काही कबूल करता येत नाही. आईला काहीतरी निमित्त काढून ऑपरेशनची तारीख विचार. का ते सांगू नकोस.

तुझा,
मामा


बुधवार, ११ ऑक्टोबर २०२३

चि. पान्यास,
अ. उ. आ. वि. वि.

पोरीने निमित्त काढलं. विम्याचा फॉर्म भरायचाय म्हणाली. माझा विमा संपून सहा वर्षं झाली. तिला खोटं बोलता येत नाही, तुझ्यावर गेलीय. मी पदर खोचून बसले, तेव्हा दोन मिनिटांत सगळं ओकली. तिला रागवू नकोस.

ऑपरेशन १६ ऑक्टोबर २००९ ला झालं. हे मला पाठ आहे, पण तुला पाठांतर चालत नाही, कागद लागतो. म्हणून पत्र्याची पेटी काढली. तुझी सगळी पत्रं त्यात आहेत, तारखेप्रमाणे लावलेली. लावायला काही त्रास पडला नाही, हे तुझंच पुण्य. ९ ऑक्टोबर २००९, शुक्रवारचं पत्र सापडलं. त्यातल्या ओळी उतरवते:

‘बुधवारी निघतो. काळजी करू नकोस, पोरीची वेणी मी घालीन. बदलीचा माणूस अगदीच कच्चा आहे, म्हणून आज बायपासचा कॉक उघडून त्याच्यावर पाटी लावली. आठ दिवसांत येऊन काढतो. घाईत तारीख घालायची राहिली, पण आठ दिवसांचाच तर प्रश्न आहे.’

तेव्हाच तुला खटकलं होतं बघ.

आठ दिवसांचे तीन आठवडे झाले ते माझ्यामुळे. टाके पिकले, ताप उतरेना. तू पोरीला शाळेत सोडायचास, मला पेज भरवायचास आणि दवाखान्यातल्या नळाचा वॉशर बदलून यायचास. परत गेलास तेव्हा तुझे गाल बसले होते. ती पाटी कुणाला आठवली असती? मी हे तुझी समजूत काढायला लिहीत नाही. चूक ती चूक. चौदा वर्षं पितळी कॉक उघडा होता आणि आता तुझं पितळ उघडं पडायची पाळी आलीय, एवढंच त्याचं सार. पण चूक कुठे झाली ते विचारलं तर माझ्या उशाशी झाली, हेही वहीत लिही.

मूळ पत्र या पाकिटात घातलंय. माझ्याकडे त्याची प्रत नाही. हे पत्र नसेल तर साल कुणाला कधीही कळणार नाही, आणि तुझ्या दारावर तो शब्द लागेल. तो लागावा असं मला तुझ्यापेक्षा जास्त वाटतं. तू नववीत शाळा सोडलीस ती माझं शिक्षण पुरं व्हावं म्हणून, हे तू कधी बोलला नाहीस आणि मीही नाही. आज लिहिलं. तारीख वर आहे.

आता ते पत्र फाड, जाळ, नाहीतर वाचून दाखव. मी कशालाही नाव ठेवणार नाही. गुडघा तसाच आहे.

माया होती तशीच आहे, तिचा मीटर बघू नकोस.

तुझी,
ताई


सोमवार, ३० ऑक्टोबर २०२३

ती. ताईस सा. न. वि. वि. आणि चि. मोजपट्टीस अ. उ. आ.
(दोघींना एकच पत्र. ताईने आधी वाचावं.)

वीस तारखेला सभागृह भरलं होतं. फलक होताच. फुलांचा गुच्छ टेबलावर होता आणि मला नवा सदरा टोचत होता. प्राचार्य बाईंनी फार चांगलं सांगितलं माझ्याबद्दल. मग मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मला भाषण येत नाही, म्हणून मी वाचलं. आधी पाटी वाचली, मग तुझ्या पाकिटातलं पत्र वाचलं, तारखेसकट. पोरीच्या वेणीचा भाग गाळणार होतो, पण मधलं वाक्य गाळलं की नोंद खोटी होते. तोही वाचला. केशकर्तनाच्या मुली हसल्या. त्यानंतर कुणी हसलं नाही.

मग आकडा सांगितला. ९ ऑक्टोबर २००९ ते २४ सप्टेंबर २०२३, तेरा वर्षं, अकरा महिने, पंधरा दिवस. वर्षाला पावणेदहा टन कार्बन, म्हणजे एकशे छत्तीस टनांच्या वर, लांब सुट्ट्यांतला जादा धरलेला नाही. मी म्हटलं की ‘पूर्वापार’ म्हणून कुणी नसतं. पूर्वी मीच होतो, आणि नंतरही मीच. म्हणून ही बचत संकल्पात मोजू नये, मूळ आकड्यातून चूक वजा करावी आणि निम्म्यावर यायचं ते तिथून यावं. ते आता जास्त अवघड जाईल. गुच्छ मी टेबलावरच ठेवून खाली आलो.

टाळ्या झाल्या नाहीत. बरोबरच होतं ते. इंजिनियर बाईने मागून उठून पत्राची तारीख पुन्हा एकदा विचारली आणि लिहून घेतली. मला ती एवढीच गोष्ट बरी वाटली त्या दिवसातली.

पदाचं सांगतो. ते तिला मिळालं. प्राचार्य बाईंनी बोलावून सांगितलं की निर्दोष नोंदींवर अट शिथिल करायची होती, आणि तो शब्द आता त्यांना सहीनिशी घालता येत नाही. मीही घालू दिला नसता. अहवालात ‘पूर्वापार व्यवस्था’ खोडून त्यांनी माझं पद आणि दोन्ही तारखा घातल्या. पद म्हणजे मदतनीस. वाईट वाटलं का, हे मोजपट्टी विचारीलच, म्हणून आधीच लिहितो. वाटलं. दोन दिवस वही काढली नाही. तिसऱ्या दिवशी काढली, तेव्हा त्या दोन दिवसांची वाचनं इंजिनियर बाईने भरून ठेवलेली होती. अक्षर गिचमिड आहे. आकडे बरोबर आहेत. खाली तिने स्वतःचं नाव घातलं होतं.

मग ती म्हणाली की कॉलेजात अशा आणखी किती पाट्या असतील ते तिला बघायचंय, आणि माझ्याशिवाय तिला कळणार नाही. काल रविवारी गेलो. नळजोडणीचा सगळा वर्ग आला होता, एकोणीस जण, सुट्टी असून. पोटमाळ्यापासून तळघरापर्यंत प्रत्येक पाटी वाचली. ‘हात लावू नये’, ‘चालू ठेवावे’, ‘विचारल्याशिवाय काढू नये’. कुणाला विचारायचं ते कुठेच नाही. सव्वीस पाट्या निघाल्या. त्यातल्या अकरा माझ्या. माझ्या अकरांपैकी चार कारण संपूनही लटकत होत्या. भूमिती वर्गाचा पंखा त्यातलीच एक पाटी म्हणते म्हणून बारा महिने फिरत होता, आणि त्या खोलीत आता फक्त खुर्च्या आहेत. पाइपांना उबदार आवरण चढवायचं काम मुलांना याच सत्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेला दिलंय. सरावाच्या कोरड्या जोडणीवर शिकण्यापेक्षा खऱ्या पाइपावर शिकतील, आणि चुकलं तर पाइपच सांगेल. पाट्यांची फेरी दर सत्राला घ्यायची, असंही ठरलं. ती मी घ्यायची.

नवा नियमही झाला. पाटी लावायची तर तिच्यावर चार गोष्टी हव्यात. लावल्याची तारीख, लावणाऱ्याचं नाव, कारण आणि मुदत. मुदत संपली की पाटी उतरवायची, मग ती कुणाच्याही अक्षरात असो. पहिली नवी पाटी इंजिनियर बाईने माझ्याकडून लिहून घेतली. ‘क’चा वळसा साधला. जुनी पाटी त्यांनी भिंतीवर लावायला मागितली. मी दिली नाही. ती तुझ्या पत्र्याच्या पेटीत जावी, त्या नऊ ऑक्टोबरच्या पत्राशेजारी. दोन्ही या पाकिटात घातलीत. पेटीत तारखेप्रमाणे लाव.

आणि शाळेचं. ताई, ते मी कधी बोललो नाही, कारण त्यात बोलण्यासारखं मला काही वाटलं नव्हतं. तू लिहिलंस ती ओळ मात्र मी दुसऱ्यांदा वाचली, मग तिसऱ्यांदा. आता पुरे. गुडघ्यासाठी पुढच्या शनिवारी येतो. आठ दिवसांची रजा टाकलीय. निघताना कुठलाही कॉक उघडा ठेवणार नाही.

तुम्हा दोघींच्या मायेवर एक पाटी लावून ठेवतो. बंद करू नये. तारीख वर आहे, नाव खाली आहे, कारण दोघींना माहीत आहे. मुदत घातलेली नाही. ती राहून गेलेली नाही, मुद्दाम घातलेली नाही.

तुमचा,
पान्या